दांडिया बाजारातला चित्रवर्ग: खोडरबर घरी ठेवून जा

ज्यांना महिन्याभरात दिवाणखान्यात लावायला चौकटीतलं निसर्गचित्र हवंय, त्यांनी या वर्गाचा जिना चढू नये. पैसे वाया गेल्यासारखे वाटतील आणि शिकवणाऱ्या बेनशी वाद होईल तो वेगळाच. समोरची वस्तू कागदावर उतरवता यायला हवी, आणि त्यासाठी दोन-तीन महिने आपण उलटे मागेच चाललोय असं वाटलं तरी चालेल, अशी ज्यांची तयारी आहे त्यांनी मात्र जरूर जावं. बडोद्यात मोठ्या माणसांना चित्र काढायला शिकवणारं याहून चांगलं ठिकाण मला सापडलं नाही. आणि मी शोधायला कमी केलं नव्हतं.

वर्गाला नाव नाही, पाटी नाही. सुरसागर तळ्याकडून दांडिया बाजारात शिरलं की लग्नपत्रिकांच्या एका दुकानाशेजारून जुन्या वाड्याचा लाकडी जिना वर जातो. जिन्याला कठडा नाही, वरून सोडलेला जाड दोर आहे. वर दोन खोल्या: पुढची मोठी, रस्त्याकडे तीन खिडक्या असलेली, मागची लहान, तिच्यात एक टेबल आणि एक स्टूल, बाकी काही नाही. ही मागची खोली का ठेवली आहे ते पुढे सांगतो. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, महिन्याचे २,००० रुपये. कागद आपला, पेन्सिली आपल्या. न्यूजप्रिंटचा गठ्ठा, टू-बी, फोर-बी, एक क्लिपबोर्ड. एवढ्यात भागतं. महागडे कागद आणलेत तर बेन परत न्यायला लावते, कारण महाग कागदावर माणूस घाबरत रेघ मारतो.

बेन म्हणजे शिकवणारी. पस्तिशीची, गुजराती, इथल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागातून शिकलेली. नंतर तिला शिकणं म्हणजे नेमकं काय, या विषयाचं वेड लागलं आणि वर्ग तिथूनच उगवला. वयाने माझ्या मुलीएवढी, पण सगळे बेन म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ती मला काका म्हणते आणि कागद हिसकावून घ्यायला कमी करत नाही.

मी कोण हेही सांगायला हवं, म्हणजे हे मत कुठल्या बाजूने येतंय ते कळेल. आयटीआय केलेला मेकॅनिकल ड्राफ्ट्समन. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज काढत निवृत्त झालो. आधी टी-स्क्वेअर, मग मिनी ड्राफ्टर, शेवटची वर्षं ऑटोकॅड. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या शाईपेनाने रेघ ओढायची आणि चुकली तर ब्लेडने अशी खरवडायची की अमोनिया प्रिंटवर, म्हणजे ड्रॉइंगच्या छापील प्रतीवर, डाग दिसता कामा नये, अशा शाळेत वाढलेला. हात अजून थरथरत नाही. पण नात म्हणाली, "आजोबा, मला काढा," की माझ्या कागदावर तिचे डोळे कपाळावर चढायचे. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीच्या, आठ बोल्टांची भोकं अचूक बसवणाऱ्या माणसाला चेहऱ्यावरचे दोन डोळे बसवता येऊ नयेत, हे मला खुपत होतं.

याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वर्गात जात होतो. नाव घेत नाही. माणसं सज्जन होती. तिथे दर रविवारी एक चित्र पुरं व्हायचं. सर पुढे काढत, आम्ही त्यांच्यामागे: आकाश, मग डोंगर, मग झोपडी, मग पाण्यातलं प्रतिबिंब. शेवटी सर स्वतः येऊन ब्रशचे दोन फटकारे मारत आणि चित्र एकदम उभं राहायचं. खाली सही माझी. घरी कौतुक, नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठे. पण तीच झोपडी चार दिवसांनी कोऱ्या कागदावर काढायला बसलो की छपराचा उतार कुठून सुरू करायचा तेच आठवेना. माझ्या हातात काही उरतच नव्हतं. सगळं सरांच्या हातातलं, माझ्या कागदावरून वाहून गेलेलं.

ही तक्रार मी बेनला सांगितली तेव्हा तिने एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. मग मुलीकडून मूळ शोधनिबंध मिळवून मी तो वाचला, कारण ऐकीव गोष्टीवर मी ड्रॉइंग पास करत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना वाचायला उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले होते. गंमत परीक्षेच्या वेळेत आहे. रविवारी दुपारी तपासलं तर आधीचा वर्ग उत्तम ठरतो. पुढच्या रविवारी, समोर काही न ठेवता तपासलं तर तो उघडा पडतो. चित्रकलेचे बहुतेक वर्ग पहिल्याच दुपारी तपासले जातात, आणि फी भरणारेही आपणच तपासतो, त्यामुळे कुणाचंच बिघडत नाही.

या वर्गात उलटं चालतं. सकाळ सुरू होते ती "उधारी"ने. गप्पा नाहीत, पाणी नाही, बसल्याबसल्या फळ्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: मागच्या वेळी काढलेला पितळी तांब्या, पंधरा दिवसांपूर्वीची घडीची खुर्ची, कधीतरी महिन्यापूर्वी पाहिलेली उघडी छत्री. समोर काही नसतं. आठवून काढा. काढताना लक्षात येतं की तांब्याचा गळा कुठे वळतो हे आपण पाहिलंच नव्हतं. खुर्चीच्या मागच्या पायाचं काय होतं याची स्मृती पूर्ण कोरी आहे. ती कोरी जागा हेच बेनला हवं असतं. त्यानंतर ती खरी खुर्ची आणून ठेवते आणि मग जे बघणं होतं ते आधीच्या बघण्यासारखं राहत नाही. डोळे थेट मागच्या पायावर जातात. विसरायला लागेपर्यंत थांबायचं आणि मग आठवायला लावायचं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं, हा हिशेब तसा जुना आहे. हेर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. आपण मात्र चित्रकलेला आठवणीशी काही देणंघेणं नाही असं धरून चालतो.

आता ती मागची खोली. तिथे टेबलावर वस्तू असते आणि कागद-पेन्सिल न्यायची परवानगी नसते. आत जा, हवं तेवढं बघा, बाहेर येऊन काढा. अडलात तर पुन्हा आत जा. सुरुवातीला आम्ही सगळे त्या दारातून ये-जा करताना एकमेकांना धडकत होतो. हळूहळू आत थांबण्याचा वेळ वाढतो आणि फेऱ्या कमी होतात, कारण आत उभं राहून "रुंदीच्या दीडपट उंची, हँडल वरच्या एक-तृतीयांशात सुरू" असं मनात नोंदवायची सवय लागते. ही युक्ती बेनची नाही, आणि ती तसं सांगते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये होरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक मुलांना अशीच स्मृतीवरून चित्रं काढायला लावत. शिल्पकार रोदँ त्यांचा विद्यार्थी. प्रयोगशाळेतले आकडे आले त्याच्या कितीतरी आधी एका मास्तरला हे हाताने कळलं होतं, याचा मला आनंद वाटला.

पण माझ्यासाठी या वर्गाची किंमत वसूल झाली ती एका स्टीलच्या वाटीत.

लंबवर्तुळ मला चार पद्धतींनी काढता येतं. आयताच्या पद्धतीने, दोन समकेंद्री वर्तुळांनी, ट्रॅमलने, चार केंद्रांनी. तेव्हा बेनने टेबलावर वाटी ठेवली आणि म्हणाली, काढा, तेव्हा मी मनातून हसलो. काढली. सुबक, सममित, रेघ एकसारखी. मग तिने एक अ‍ॅक्रिलिकची काच दिली आणि व्हाइटबोर्डचं मार्कर. एक डोळा मिटायचा, काच समोर स्थिर धरायची आणि दिसतेय तशी वाटीची कड काचेवर गिरवायची. गिरवली. दोन्ही आकृत्यांवर मी डिव्हायडर लावला. काचेवरचं लंबवर्तुळ लांबीच्या जेमतेम एक-चतुर्थांश जाडीचं होतं. माझं जवळजवळ निम्म्या जाडीचं. एवढंच नाही, मी वाटीचा तळ सपाट काढला होता, कारण टेबल सपाट आहे. खरं तर तळ डोळ्याच्या पातळीपासून कडेपेक्षा जास्त खाली असतो, म्हणून त्याची वक्रता कडेपेक्षा जास्त दिसायला हवी. हे मी प्रोजेक्शनच्या कागदावर अर्ध्या झोपेत सिद्ध करून देईन. हाताने काढताना मात्र डोक्याने "वाटी गोल असते, तळ सपाट असतो" असं बजावलं आणि हाताने ते निमूट मानलं.

बरोबरच्या दंतवैद्याचं तेच, इंजिनिअरिंगच्या पोराचं तेच, प्रतापनगरहून येणाऱ्या मराठी आजींचं तेच. सगळ्यांच्या वाट्या वरून पाहिल्यासारख्या उघड्या. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली हेच मोजून ठेवलं आहे: तिरप्या ठेवलेल्या चकतीचा आकार लोकांना विचारला तर ते डोळ्यात पडणारा आकार सांगत नाहीत आणि पूर्ण गोलही सांगत नाहीत, मधलं काहीतरी सांगतात, खऱ्या वस्तूकडे झुकलेलं. १९९७ मध्ये कोहेन आणि बेनेट यांनी माणसाला समोरचं का काढता येत नाही याची कारणं एकेक करून तपासली. हाताचं कौशल्य हे मुख्य कारण नाही, कारण तीच माणसं फोटोवर कागद ठेवून गिरवायला सांगितलं तर बरं काढतात. घोटाळा मुख्यतः वस्तू पाहण्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मला हे वाचून हायसं वाटलं. आयुष्यभर कमावलेला हात निर्दोष सुटला.

इथे माझा आणि बेनचा मतभेद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. ती म्हणते, सराव केला की नजरच बदलते, वाटी चपटी "दिसायला" लागते. मला तसं वाटत नाही. फ्लोरियाँ पेर्द्रो आणि पॅट्रिक कॅव्हॅना या दोघांनी २०११ साली चित्रकार आणि बिगर-चित्रकार यांची तुलना केली, तेव्हा चित्रकारांचे डोळेही बाकीच्यांसारखेच फसतात असं निघालं. म्हणजे जाणकाराला वाटी गोलच दिसते. तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही, एवढंच. पेन्सिल हात लांब करून धरतो, अंगठ्याने माप घेतो, मधली रिकामी जागा तपासतो. कारखान्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगत, डोळ्याने माप घेऊ नकोस, व्हर्नियर लाव. मला हा वर्ग त्याच जातीचा वाटतो. हे बेनला ऐकवलं तर म्हणाली, "काका, तमे मापो, हुं जोउं छुं." तुम्ही मोजा, मी बघते. म्हणजे आपापल्या जागी दोघंही खूश.

नातीचे डोळेही असेच खाली आले. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. कपाळ आणि केस यांना आपण जागाच देत नाही, कारण लक्ष सगळं नाकाडोळ्यांवर. बेन हे सांगत नाही. ती प्रत्येकाला आरशासमोर उभं करून पेन्सिलीने आपलं डोकं मापायला लावते आणि मग शेजाऱ्याचं. नव्वद टक्के माणसं मोजमाप खोटं मानून पुन्हा मोजतात. आता डोळे जागेवर आहेत, नाक मात्र लांब होतंय. नात म्हणते, ही मी नाही, ही आत्या आहे.

वर्गात सर्वांत जास्त कुरकुर होते ती दोन गोष्टींवर. एक, मिसळ. एकाच सकाळी दहा मिनिटं स्वतःचा डावा हात, दहा मिनिटं खुर्चीवर टाकलेल्या टॉवेलच्या घड्या, दहा मिनिटं वाटी, मग परत हात, मग खिडकीचा गज. हात जरा जमतोय असं वाटेपर्यंत टॉवेल. आधीच्या वर्गात असतो तर अख्खा महिना फक्त हात काढले असते आणि शेवटच्या दिवशी छाती फुगली असती. बेनचा आधार इथे पक्का आहे, आणि तो चित्रांतूनच आलाय. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी २००८ साली बारा चित्रकारांची प्रत्येकी सहा निसर्गचित्रं लोकांना दाखवली. निम्म्या चित्रकारांची चित्रं सलग, एकाची संपली की दुसऱ्याची, निम्म्यांची सरमिसळ. नंतर त्याच चित्रकारांची न पाहिलेली चित्रं ओळखायला दिली. सरमिसळीने शिकलेले चित्रकार जास्त ओळखू आले. आणि लोकांना विचारलं, कशाने जास्त शिकलात, तर बहुतेक जण म्हणाले, सलग पाहून किंवा दोन्हीने सारखंच. स्वतःच्या शिकण्याबद्दलची आपली साक्ष किती भरवशाची, ते यातून कळतं. याच ब्यॉर्कने १९९४ मध्ये मांडलं की शिकताना अंगावर येणाऱ्या काही अडचणी पुढे उपयोगी पडतात. काही, सगळ्या नव्हेत. हा बारीक फरक बेन कधी कधी विसरते, त्याबद्दल खाली.

दुसरी कुरकुर म्हणजे ती जवळ येत नाही. काढत असताना खांद्यावरून डोकावणं नाही, "अहा" नाही, "अरे रे" नाही. शेवटच्या वीस मिनिटांत सगळे कागद जमिनीवर मांडायचे, ज्याचा त्याने आधी आपला दोष सांगायचा, मग ती एकच गोष्ट बोलणार. एकच. दंतवैद्याला हे अजिबात मानवत नाही. तो म्हणतो, फी कशाची देतो आपण? सुरुवातीच्या आठवड्यांत ती जास्त सांगते, पुढे कमी करत जाते. हात हलवायच्या एका साध्या कामावर विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये प्रयोग केला होता: दर प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच वेळा, तेही कमी कमी करत सांगितलेले लोक दुसऱ्या दिवशी सरस ठरले. सतत सांगणारा कुणी असला की आपली स्वतःची तपासणी सुरूच होत नाही. ड्रॉइंग ऑफिसात तपासनीस कडक असेल तर ड्राफ्ट्समन ढिला पडतो, हे मी प्रयोगाशिवाय सांगितलं असतं.

मधूनच ती बाहेर नेते. खंडेराव मार्केटात पहाटे, कमाटी बागेत, आणि एकदा विश्वामित्रीजवळच्या कीर्ती मंदिरात. तिथली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं मी लहानपणापासून पाहिली आहेत असं मला वाटत होतं. सयाजीराव महाराजांनी शांतिनिकेतनहून त्यांना बोलावून हे काम दिलं, १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगल्या. आम्हाला आत काहीही काढायची बंदी. फक्त गंगावतरणाची भिंत बघायची, मग बाहेर पायऱ्यांवर बसून तिची मांडणी आठवून काढायची. मला एकही आकृती धड आठवली नाही, पण रेघांचा ओघ कुठून कुठे जातो ते आलं. परत आत गेलो आणि पहिल्यांदा दिसलं की तो माणूस गर्दी रंगवतानाही रिकामी जागा किती जपून ठेवतो. बडोदेकर म्हणून सांगतो, हे चित्र आपल्याकडे फुकट आहे आणि आपण त्याच्यासमोर बूट काढण्यापुरते थांबतो.

या शहराला हे असे प्रयोग नवे नाहीत. १८९० मध्ये इथे कलाभवन ही कला-तंत्रशिक्षणाची संस्था निघाली; दादासाहेब फाळके काही काळ तिथे शिकले. १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं, आणि तिथे शिकवायला आलेले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे. बेन बेंद्रेंची आणि इतरांची चित्रं छापील पत्त्यांवर आणते आणि सरमिसळ करून ओळखायला लावते. मी आता बेंद्रे ओळखतो. कशावरून ओळखतो ते विचारलं तर सांगता येत नाही.

आता जे पटलं नाही ते. पहिलं म्हणजे बेन प्रवचन देते. चांगलं देते, पण देते. आणि तेव्हा ती पुराव्याला ताणते. एकदा तिने पिशव्या फेकणाऱ्या मुलांचा प्रयोग सांगितला: १९७८ साली कर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना डाळीच्या पिशव्या निशाण्यावर फेकायला लावल्या, काहींनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून, आणि परीक्षा तीन फुटांवर झाली तेव्हा तीन फुटांवरून कधीच न फेकलेली मुलं जिंकली. प्रयोग सुंदर आहे. पण त्यावरून "म्हणून चेहरा शिकायला हात काढा" इथपर्यंत उडी मारता येत नाही. दुसऱ्या वेळी तिने वॉटर्लू विद्यापीठातलं काम सांगितलं, की शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर जास्त आठवतो, चित्र वाईट असलं तरीही. खरं आहे, २०१६ चा लेख मी पाहिला. पण ते चित्राच्या साहाय्याने शब्द लक्षात ठेवण्याबद्दल आहे. चित्र शिकण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. बहुतेक पुरावा शब्दांच्या याद्या, उतारे आणि साध्या हालचाली यांवर उभा आहे. चित्र काढायला शिकवण्याचा हा सबंध सांगाडा बेनने स्वतः जोडलाय. जोड चांगला बसलाय, पण सगळे बोल्ट प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, आणि ते तिने तसं म्हणावं.

एका बाबतीत मात्र ती ताणत नाही. नव्या आलेल्या एका मुलीने, मी व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून शिकणारी आहे, मला तसंच शिकवा, असं सांगितलं. बेन म्हणाली, इथे सगळेच व्हिज्युअल, चित्राचा वर्ग आहे, बस. शिकणाऱ्याच्या म्हणे प्रकारानुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही, असा २००८ चा आढावा पाश्लर आणि इतरांनी दिलाय, त्यात तेच ब्यॉर्कही आहेत.

दुसरं, खोडरबर. बंदी आहे. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची. कारण समजतं: चूक दिसत राहिली की तुलना होते. तरीही ज्याने जन्मभर ब्लेडने खरवडून कागद स्वच्छ ठेवला त्याला हा छळ आहे, आणि मी अजून तो छळच मानतो. स्वच्छतेतही एक शिस्त असते. तिला या वर्गात जागा नाही.

तिसरं, रंग नाहीत. अजिबात. विचारलं की "पछी", म्हणजे नंतर, म्हणते. प्रतापनगरच्या आजींना तुळशीवृंदावन रंगवायचं आहे, एवढंच. त्या किती थांबणार? दुसऱ्या महिन्यात बाकं रिकामी होऊ लागतात आणि त्यात दोष सगळा जाणाऱ्यांचा नाही. महिन्यातून एखादं चित्र पुरं करू दिलं, थोडा रंग हातात दिला, तर जी अडचण फायद्याची ती राहील आणि जी नुसती कंटाळ्याची ती जाईल. हे मी तिला लिहून दिलंय. तिने कागद खिशात ठेवला.

चौथं, उजेड. सकाळच्या बॅचला रस्त्याकडच्या खिडक्यांतून एका बाजूचा छान प्रकाश येतो, सावली स्पष्ट पडते. संध्याकाळच्या बॅचला डोक्यावर दोन ट्यूबलाइट, प्रत्येक वाटीला दोन-दोन पुसट सावल्या. छाया शिकायची असेल तर संध्याकाळ घेऊ नका. बेनचे हँडआउट गुजरातीत आहेत, झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेले. आपल्याला चालतं, पण पुण्याहून नुकत्याच आलेल्या सुनेला नेणार असाल तर शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल.

जिन्याबद्दल आधी म्हटलंच. दोर पक्का आहे, मी ओढून पाहिलाय.

नवी बॅच दिवाळीनंतर सुरू होते. त्याआधी एक सकाळ फुकट बसू देतात. ती नक्की बसा, आणि उधारी चालू असताना बसा, म्हणजे कळेल आपल्याला हे झेपतंय का. पहिल्या दिवशी तुमचा हात, एक वाटी आणि एक आठवणीतला चेहरा काढून घेतील आणि तारीख घालून पाकिटात बंद करतील. लाजू नका, सगळ्यांचे सारखेच येतात. बाकं कडक आहेत, उशी न्या. घरून निघताना खिसे तपासा, कारण रबर सापडलं तर ते महिनाअखेरीपर्यंत परत मिळत नाही. ड्राफ्ट्समन असाल तर सांगू नका, काच धरायचं काम कायमचं तुमच्याकडे येतं. आणि डावीकडच्या खिडकीजवळची जागा माझी आहे.